डॉक्टरची परीक्षा आणि आपलं भाकीत

(वेळणेश्वर, तालुका गुहागर इथल्या महिला मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला आज 'मुलींचं शिक्षण' या विषयावर बोलायला सांगितलं आहे. या विषयावर भाषण करणं तसं सोपं. सावित्रीबाईंपासून सुरुवात करायची, शेवटी टाळ्या घ्यायच्या आणि घरी गेल्यावर भावाचं ताट उचलायला बहिणीलाच सांगायचं. ते भाषण मी आज करणार नाही. कारण काल संध्याकाळी एस.टी.तून उतरले, तेव्हा तुमच्यातल्याच एका बाईनं मला गाठलं आणि एक प्रश्न विचारला. रात्री त्या प्रश्नानं मला झोप लागू दिली नाही. आज सकाळी तिची परवानगी घेतली. ती म्हणाली, "ताई, नाव घेतलं नाहीत तर बरं, घेतलंत तरी चालेल. पण बोला." नाव मी घेत नाही.

तिची मुलगी यंदा नीटच्या परीक्षेला बसली. सातशे वीसपैकी तीनशे अडुसष्ट मार्क पडले. क्लास नाही, चिपळूणला खोली घेऊन राहणं नाही. घरातल्या एका मोबाइलवर, तोही वडील बोटीवरून आल्यावर मिळेल तेव्हा, धडे बघून तिनं अभ्यास केला. एवढ्या मार्कांत सरकारी एमबीबीएसला नंबर लागणार नाही. मुलगी म्हणते, अजून एक वर्ष द्या. आईनं दोन मोसम पर्यटकांना घरगुती जेवण करून घातलं आणि थोडे पैसे पोस्टात टाकले. त्या पैशांत रत्नागिरीला एक वर्ष क्लास होऊ शकतो. पण दोन वर्षांनी मुलगा बारावीला येणार आहे. थोरले दीर म्हणाले, "हिला आत्ताच जमलं नाय, तर पुढं डॉक्टरकीच्या एवढ्या परीक्षा कशा जमायच्या? पैसे पोरासाठी ठेवा."

आणि ती मला विचारत होती, "ताई, तुम्ही शिकलेल्या. तुम्हीच सांगा, ही पुढं पास होईल का?"

माझं शिक्षण एम.एस.डब्ल्यू.पर्यंतचं. त्यात बरंच काही शिकवतात, भविष्य सांगायला शिकवत नाहीत. तरी हा प्रश्न मी झटकून टाकू शकले नाही. त्याचं एक कारण माझ्या घरातलं आहे, ते आधी सांगून टाकते. बारावीला मला शास्त्र शाखेत माझ्या भावापेक्षा जास्त मार्क होते. लातूरला क्लासला तो गेला. घरात भांडण झालं नाही, कुणी मला मारलं नाही, कुणी "तू मुलगी आहेस" असंही म्हटलं नाही. वडील एवढंच म्हणाले, "तुझा स्वभाव मऊ आहे, तुला ती स्पर्धा झेपायची नाही." म्हणजे त्यांनी भाकीत केलं. ते खरंच ठरलं, कारण ती स्पर्धा मी कधी दिलीच नाही. माझं काम मला आवडतं, तक्रार करायला मी इथे उभी नाही. पण त्या वाक्याचा राग गेला आहे असं मी म्हणणार नाही.

तर आजचा विषय हा. डॉक्टर होणाऱ्या मुलीची किंवा मुलाची परीक्षेतली कामगिरी आधी सांगता येते का? ती सांगायचा अधिकार कुणाला? आणि परीक्षेत पास झालेला डॉक्टर आपल्याला, म्हणजे खाटेवर झोपणाऱ्या बाईला, उपयोगी पडतो का?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. ते तुम्हाला कदाचित आवडणार नाही. काही प्रमाणात सांगता येते. इंग्लंडमध्ये या विषयाचा पद्धतशीर अभ्यास झालेला आहे. तिथे ख्रिस मॅकमॅनस नावाच्या संशोधकानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी 2013 साली दाखवून दिलं की शाळेच्या शेवटच्या परीक्षेतले मार्क, मग मेडिकल कॉलेजातले मार्क, मग पुढच्या तज्ज्ञ परीक्षांतले मार्क ही सगळी एका माळेत ओवल्यासारखी असतात. आधी जो पुढे, तो बहुतेक वेळा नंतरही पुढे. आपल्याकडचे दीर, काका, मामा हे संशोधन न वाचताच सांगत असतात.

पण 'बहुतेक वेळा' या शब्दांपाशी आपण थांबू. पौषात आंब्याला मोहोर येतो तेव्हा व्यापारी येऊन बागा बघतो आणि फळ धरायच्या आधीच सौदा करतो. वीस बागा घेतल्या तर त्याचा अंदाज एकूण बरा निघतो, म्हणून तर तो धंद्यात टिकतो. पण तुमच्या परसातल्या एका कलमाचं तो छातीठोक सांगू शकतो का? मोहोर भरगच्च असतो आणि अवकाळी पाऊस पडतो, तुडतुडे येतात, भुरी येते, सगळा मोहोर गळतो. शेजारचं विरळ मोहोराचं झाड पाटी भरून देतं. मार्कांचं भाकीतही असंच आहे. ते हजारांच्या रांगेबद्दल बोलतं. त्या रांगेतल्या तुमच्या एका मुलीबद्दल ते फार थोडं बोलतं. ज्याला आपण शास्त्र म्हणतो ते एवढंच सांगतं, आणि घरातला पुरुष त्याचा कोर्टाचा हुकूम करून टाकतो.

दुसरी गोष्ट. मोहोर बघताना व्यापारी हेही विचारतो की खत घातलं होतं का, फवारण्या झाल्या का. तीनशे अडुसष्ट मार्क बघताना हा प्रश्न आपण विचारतो का? लातूरच्या वसतिगृहात राहून, रोज चाचणी देऊन मिळालेले तीनशे अडुसष्ट आणि आईबरोबर पंचवीस पानं वाढून, मग उसन्या मोबाइलवर अभ्यास करून मिळालेले तीनशे अडुसष्ट हे एकच आहेत का? कागदावर एकच आहेत. पण पुढचं भाकीत करायचं असेल तर ते एक धरता येत नाहीत. तामिळनाडूत न्यायमूर्ती ए. के. राजन यांच्या समितीनं 2021 साली नीटवरचा अहवाल दिला. नीट आल्यावर तिथल्या मेडिकल कॉलेजांत खेड्यातल्या, गरीब घरातल्या आणि तमिळ माध्यमातल्या मुलांचा वाटा कमी झाला, असं त्यात दाखवलं आहे. त्या राज्यानं 2020 पासून सरकारी शाळांतल्या मुलांसाठी साडेसात टक्के जागा राखून ठेवल्या आहेत. आपल्या राज्यात जिल्हा परिषदेच्या शाळेतून आलेल्या मुलीसाठी तशी जागा नाही. तिला मराठीतून पेपर लिहायची मुभा आहे, पण चांगली पुस्तकं आणि क्लास बहुतेक इंग्रजीतच.

आता दुसरा प्रश्न. भाकीत करण्याचा अधिकार कुणाला?

1869 साली एडिंबरा विद्यापीठाच्या वैद्यक शाखेच्या प्रवेश परीक्षेला 152 उमेदवार बसले. त्यात पाच बायका होत्या. बायकांच्या मेंदूला हे झेपणार नाही असं मोठमोठे प्राध्यापक लिहीत होते, तो हा काळ. निकाल लागला तेव्हा पहिल्या सातांत चार बायका. त्यातलीच एक एडिथ पेची. पुढच्या वर्षी रसायनशास्त्रात तिला असे मार्क पडले की 'होप' नावाची शिष्यवृत्ती तिचीच होती. प्राध्यापकांनी ती तिच्या खालच्या मुलाला दिली. कारण काय, तर बायकांचा वर्ग वेगळा भरत होता. म्हणजे आधी वर्गात बसू द्यायचं नाही आणि मग वेगळ्या वर्गात बसली म्हणून बक्षीस द्यायचं नाही! भाकीत खोटं ठरलं तेव्हा भाकीत करणाऱ्यांनी नियमच फिरवला. त्या बायकांना एडिंबरानं पदवी दिली नाहीच.

ही परक्या मुलखातली जुनी गोष्ट मी का सांगते? कारण हीच एडिथ पेची 1883 च्या अखेरीस मुंबईला आली. बायकांसाठी बायका डॉक्टर असलेलं कामा हॉस्पिटल 1886 साली सुरू झालं, तिथे तिनं काम केलं. आणि आपल्या रखमाबाई! नवऱ्याकडे नांदायला जा नाहीतर तुरुंगात जा, असं कोर्टानं ज्यांना सांगितलं आणि ज्या तुरुंगात जायला तयार झाल्या, त्या रखमाबाईंच्या पाठीशी जे उभे राहिले त्यांत पेची होती. रखमाबाई लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या आणि 1894 नंतर सुरतेला, पुढे राजकोटला त्यांनी बायकांवर उपचार करण्यात आयुष्य घातलं. एकीची शिष्यवृत्ती गेली, तिनं दुसरीसाठी दार उघडून धरलं. रखमाबाईंबद्दल त्या काळच्या वर्तमानपत्रांत जी भाकितं छापून आली, ती त्यांनी खोटी ठरवली.

तुम्ही म्हणाल, ताई, दीडशे वर्षांपूर्वीचं झालं. आता तसं नाही. तर 2018 सालचं सांगते. जपानमध्ये टोकियोच्या एका मेडिकल विद्यापीठात उघडकीला आलं की 2006 पासून मुलींचे प्रवेश परीक्षेतले मार्क मुद्दाम कमी केले जात होते. कारण विचारलं तर उत्तर मिळालं, मुली लग्न करतात, मुलं होतात, नोकरी सोडतात. हे पुन्हा भाकीतच. मुलींना परीक्षेत रोखता येत नाही म्हणून त्यांच्या संसाराचं भाकीत करून त्यांना रोखायचं. चौकशी झाली, आणखी विद्यापीठांची नावं आली, आरडाओरडा झाला, नियम सुधारले. 2021 साली जपानभरातल्या मेडिकल प्रवेशांत मुलींचं पास होण्याचं प्रमाण मुलांपेक्षा किंचित वर गेलं. मुली तीन वर्षांत हुशार झाल्या नव्हत्या. तराजूवर ठेवलेलं बोट काढलं होतं.

आता जो भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, तो सांगते. आपल्याला गावात हृदयाचा शल्यविशारद रोज लागत नाही. आपल्याला लागतो साधा डॉक्टर. तापाला, बाळाच्या जुलाबाला, रक्तदाबाला, पाळीच्या तक्रारीला. इंग्लंडमध्ये असा साधा डॉक्टर व्हायलाही एमबीबीएसनंतर वेगळं प्रशिक्षण आणि वेगळी परीक्षा असते. आपल्याकडे 'फॅमिली मेडिसिन' या नावानं तीन वर्षांचं डीएनबीचं शिक्षण आहे, 2020 पासून दोन वर्षांची पदविकाही आहे. पण त्याचं नाव आपल्यापैकी कितीजणींनी ऐकलंय? हात वर करा बघू. दोन. त्यात एक आशाताई आहेत, म्हणजे एकच धरू.

इंग्लंडच्या त्या परीक्षेत 2007 पासून एक भाग असा होता की डॉक्टरसमोर तेरा खोटे रुग्ण यायचे. नट असायचे ते. प्रत्येकाला दहा मिनिटं. डॉक्टर कसा बोलतो, काय विचारतो, कसं समजावतो, यावर मार्क. कल्पना किती छान! पण 2013 साली अनीझ इस्माईल आणि ख्रिस रॉबर्ट्स यांनी पाच हजारांवर उमेदवारांचे निकाल तपासले. लेखी परीक्षेतली कामगिरी सारखी धरूनसुद्धा, इंग्लंडमध्येच शिकलेल्या पण गोऱ्या नसलेल्या डॉक्टरांचा पहिल्या प्रयत्नात नापास होण्याचा संभव गोऱ्यांच्या साडेतीन पट निघाला. बाहेर शिकून आलेल्या, गोऱ्या नसलेल्या डॉक्टरांचा चौदा पटींच्या वर. यात आपले मराठी डॉक्टरही आले. भारतीय वंशाच्या डॉक्टरांची संघटना कोर्टात गेली. 2014 च्या एप्रिलमध्ये निकाल लागला. परीक्षा बेकायदा नाही, असं न्यायाधीशांनी सांगितलं, पण संघटनेचा नैतिक विजय झाला आहे, असंही सांगितलं आणि परीक्षा घेणाऱ्यांनी आता काहीतरी करायला हवं, याकडे बोट दाखवलं.

त्याच वर्षी दुसराही अभ्यास आला. बाहेरून आलेल्या डॉक्टरांना इंग्लंडमध्ये शिरताना जी परीक्षा द्यावी लागते, तिच्यातले आणि इंग्रजीच्या चाचणीतले मार्क कमी, तर पुढच्या परीक्षेतलेही कमी, असं त्यात दिसलं. म्हणजे एक बाजू म्हणते, परीक्षकाच्या डोळ्यात भेद आहे. दुसरी म्हणते, तयारीतच फरक आहे. मी दोन्ही वाचलं आहे. मला वाटतं, ज्याचा उच्चार, ज्याची बसण्याची ढब परीक्षकाच्या घरातली नाही, त्याला तयारी जास्त लागते आणि मदत कमी मिळते. यात खोटं कुणी बोलत नाही. पण दोष नेहमी उमेदवाराच्या अंगावर ढकलला जातो. तेरा रुग्णांची ती परीक्षा 2020 साली करोनात बंद झाली, आता तिच्या जागी दुसरी आली आहे.

माझी एक मैत्रीण फॅमिली मेडिसिन शिकली. लेखी परीक्षा पहिल्या फटक्यात पास, प्रात्यक्षिकात नापास. तेव्हा तिचं बाळ दीड वर्षाचं. सासरी ठरलं, "हिचं लक्ष बाळात आहे, हे आता व्हायचं नाही." मी तिला भेटायला गेले तर ती म्हणाली, "अगं, मला सगळं येत होतं. तीन वर्षं मी पेशंटशी मराठीत बोलले. परीक्षकांसमोर तेच इंग्रजीत भराभर सांगताना माझी जीभ अडकली." मग आम्ही काय केलं? दोन महिने रोज रात्री फोनवर मी पेशंट व्हायचे आणि नंतर परीक्षक व्हायचे. माझं इंग्रजी तिच्याहून कच्चं, त्यामुळे आम्ही हसायचोही खूप. दुसऱ्यांदा ती पास झाली. आज ती एका तालुक्याच्या गावी आहे आणि तिच्या दवाखान्यात बायका बाकावर ओळीनं बसलेल्या असतात. पहिल्या निकालावरून कुणी तिचं भाकीत केलं असतं तर त्या बाकावरच्या बायका कुठे गेल्या असत्या?

आता तिसरा प्रश्न. पास झालेला डॉक्टर आपल्या उपयोगी पडतो का?

डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत 650 बायकांची तपासणी केली. 1989 साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात ते छापून आलं आणि जगभर खळबळ उडाली. दर शंभर बायकांतल्या 92 जणींना स्त्रीरोगाचा काही ना काही त्रास होता. आणि त्याआधी कधीतरी त्यासाठी डॉक्टरांनी तपासलेल्या किती? शंभरात आठ. त्या बायकांच्या आसपास डॉक्टर नव्हतेच असं नाही. पण बाई दवाखान्यात जाऊन काय सांगते? "कंबर दुखते." "थकवा येतो." "चक्कर येते." अंगावरून पांढरं जातं हे ती पहिल्या वाक्यात सांगत नाही. दुसऱ्यातही नाही. बरोबर सासू असेल तर कधीच नाही. आता सांगा, कंबरदुखीच्या मागचं पांढरं जाणं ज्याला ऐकू येत नाही, त्या डॉक्टरला प्रवेश परीक्षेत सातशे मार्क असले काय आणि सहाशे असले काय?

पण थांबा. यावरून 'मार्कांना काही अर्थ नाही' असं म्हणून टाळ्या वाजवू नका. तेही खरं नाही. कॅनडात रॉबिन टँब्लिन यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे फार चिकाटीनं तपासलं. तिथे डॉक्टरला परवाना मिळण्याआधी जी राष्ट्रीय परीक्षा द्यावी लागते, तिच्यात चांगले मार्क मिळवलेले घरगुती डॉक्टर पुढे बायकांना स्तनाच्या कर्करोगाच्या तपासणीला जास्त पाठवतात आणि म्हाताऱ्या माणसांना नको ती औषधं कमी देतात, असं त्यांना दिसलं. ज्ञान लागतंच. प्रेमळ पण अडाणी डॉक्टर मला नको. मग 2007 साली त्यांनी 3,424 डॉक्टरांचा आणखी एक अभ्यास छापला. परीक्षेत रुग्णाशी बोलण्याच्या भागात ज्यांना कमी मार्क होते, त्यांच्याविरुद्ध पुढच्या वर्षांत रुग्णांच्या तक्रारी जास्त आल्या. म्हणजे बघा, नीट बोलणं, नीट ऐकणं हे मोजता येतं. आणि ते मोजलं तर पुढचं भाकीतही करता येतं. परीक्षा जे मोजते त्याचंच भाकीत करते. ऐकून घेणं मोजलंच नाही, तर ऐकून घेणारा डॉक्टर निवडला जाईल तो नशिबानं.

आपल्याकडे डॉक्टर निवडताना काय मोजतो आपण? तीन तासांत 180 प्रश्न, गोल काळे करायचे. त्या परीक्षेला बसणाऱ्यांत आज निम्म्याहून अधिक मुली आहेत. पुढे तज्ज्ञ व्हायला पुन्हा तशीच परीक्षा. गुणवत्तेसाठी हे हवंच, असं सांगतात. आणि 2023 साली जागा रिकाम्या राहिल्या तेव्हा त्याच पदव्युत्तर परीक्षेची पात्रता शून्य पर्सेंटाइलवर आणली. म्हणजे परीक्षेला बसलेला प्रत्येकजण पात्र. खाजगी कॉलेजच्या जागा भरायच्या असल्या की गुणवत्ता वाकते. वेळणेश्वरच्या मुलीसाठी मात्र ती ताठ उभी असते.

थोडं चांगलंही घडलं आहे, ते सांगायला हवं. 2019 पासून एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात रुग्णाशी संवाद, नीती, वागणूक यांचा वेगळा भाग आला आहे. 2021 मध्ये सिंधुदुर्गात आणि 2023 मध्ये रत्नागिरीत सरकारी मेडिकल कॉलेज सुरू झालं. आपल्या मुलींना आता मुंबई-मिरज गाठायला नको. पण कॉलेज जवळ आलं म्हणून दार आपोआप उघडत नाही.

दोन वर्षांपूर्वी आम्ही एक छोटा प्रयोग केला. एका आरोग्य केंद्रात सहा शिकाऊ डॉक्टर आले होते. आमच्या बचत गटातल्या बायका रुग्ण झाल्या. त्यांना सांगितलं होतं, "कंबर दुखते एवढंच म्हणायचं. त्यानं बसायला सांगितलं, पडदा ओढला, बरोबरच्या 'सासूला' बाहेर पाठवलं, तरच पुढचं सांगायचं." पहिल्या डॉक्टरनं दोन मिनिटांत गोळ्या लिहिल्या. दुसऱ्यानं क्ष-किरण काढायला सांगितला. एका मुलीनं, जी बिचारी आदल्या दिवशीच्या चर्चेत तोंडही उघडत नव्हती, स्टूल जवळ ओढलं आणि 'सासूला' म्हणाली, "आजी, जरा केसपेपर घेऊन येता का?" आजी बाहेर गेल्या आणि पाच मिनिटांत सगळं बाहेर आलं. आणि वर्गात पहिली येणारी मुलगीही तितकीच चांगली निघाली, हेही सांगते. हुशारीचं आणि मायेचं वैर नसतं. सहा डॉक्टरांवरून काही सिद्ध होत नाही, मला माहीत आहे. पण नंतर आमच्या एक आजी त्या पहिल्या डॉक्टरला म्हणाल्या, "बाळा, तू वाईट नायस. तुला कोणी विचारायला शिकवलं नाय." तो मुलगा वहीत लिहून घेत होता. मला वाटतं, त्या दिवशी खरी परीक्षा झाली आणि परीक्षक सातवी शिकलेली बाई होती.

हे काम आपण इथे करू शकतो. आरोग्य केंद्रात नवे डॉक्टर आले की त्यांना मेळाव्याला बोलवा, रुग्ण होऊन दाखवा. रुग्ण कल्याण समितीत तुमच्यातली बाई आहे का ते बघा, नसेल तर भांडा. डॉक्टर कसा बोलतो हा केंद्राच्या कामाचा भाग आहे, ते लेखी विचारा.

आता कालच्या प्रश्नाकडे येते. "ही पुढं पास होईल का?" आज सकाळी मी त्या बाईला जे सांगितलं तेच तुम्हाला सांगते. मी म्हटलं, मला माहीत नाही. दिरांनाही माहीत नाही. तीनशे अडुसष्ट मार्कांवरून एवढंच कळतं की मोबाइल मिळाला त्या तासांत तिनं एवढं केलं. पूर्ण वर्ष मिळालं तर काय करेल ते वर्ष दिल्याशिवाय कळणार नाही. कदाचित नाही जमणार. मग परिचारिकेचं शिक्षण आहे, आयुर्वेद आहे, औषधनिर्माण आहे, आणि त्यातलं काहीही कमी प्रतीचं नाही. पण 'नाही जमलं' हे तिनं करून बघून म्हणायचं आहे. आपण तिच्या आधी म्हणायचं नाही. मुलासाठी पैसे राखून ठेवताना त्याचे मार्क कुणी विचारले का? तो तर अजून दहावीत आहे. त्याचं भाकीत सगळ्यांनी मोहोर यायच्या आधीच केलं आहे.

मुलगी आत्ता मागे उभी आहे, चहाच्या पिंपापाशी. कप धुते आहे. कुणीतरी तिच्या हातातले कप घ्या आणि तिला पुढे बसू द्या.

आणि एक शेवटचं. दिरांशी बोलायला आईनं एकटीनं जाऊ नये असं मला वाटतं. एकटी बाई बोलली की ते घरातलं भांडण होतं, सहाजणी गेल्या की ती चर्चा होते. मी आज संध्याकाळच्या गाडीनं जाणार होते, आता उद्या सकाळी जाईन. पाच वाजता मी देवळाच्या पायऱ्यांपाशी उभी राहीन. ज्यांना यायचं आहे त्यांनी या. आपण भांडायला जात नाही. एका वर्षाची मुदत मागायला जातो.